अण्णांची माळ आणि शाळेच्या सतरंज्या

शाळेच्या कार्यक्रमानिमित्त शाळेबद्दल लिहायचं तर मला आमच्या अण्णांबद्दलच लिहावं लागेल, कारण १९८२ साली मी आठवीत होतो आणि त्या वर्षी माझी शाळा सुटली नाही ती त्यांच्यामुळे आणि शाळेतल्या आपल्या बाईंमुळे.

अण्णा परळला एका कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते, आम्ही राहायचो किसननगरला चाळीत. माळकरी माणूस, पहाटेच्या पाळीला निघाले तरी हरिपाठ म्हणत म्हणत ठाणे स्टेशनपर्यंत चालत जायचे. १८ जानेवारीला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पगारवाढ, बोनस तर हवाच होता, पण एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलायचा हक्क देणारा १९४६ चा कायदाही जायला हवा होता. महिना-दोन महिन्यात मिटेल असं सगळ्यांना वाटलेलं, तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

गणपतीपर्यंत आईच्या बांगड्या गेल्या, रेडिओ गेला. हातभट्टीवाल्यांचा माणूस घरी येऊन गेला, नुसत्या दारू भरलेल्या ट्यूबा पोचवायच्या, रोजचे रोख पैसे. अण्णांनी त्याला चहा पाजला, गळ्यातली माळ दाखवली, बस. पण त्याच सुमाराला त्यांचा हरिपाठ थांबला. दिवेलागणीला भिंतीकडे बघत बसायचे आणि आई एकटीच म्हणायची, मुद्दाम मोठ्याने.

त्यात काकाचं झालं. धाकटा भाऊ, त्याच गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, पोरगी आजारी म्हणून तो संप मोडून कामावर गेला. चाळीत त्याच्याशी कोणी बोलेना, त्याच्या पोरांना खेळायला घेईनात, भजनी मंडळातल्यांनी पण अण्णांना सांगितलं की भावाशी संबंध तोडा. अण्णा स्वतः शेवटपर्यंत गेटच्या आत गेले नाहीत, पण त्या रात्री काका, काकू, पोरं सगळ्यांना हाताला धरून घेऊन आले आणि आमच्या पिठलं-भाकरीला बसवलं. म्हणाले, "माझं भांडान मालकाशी हाय, भावाशी न्हाय. ज्याला पटत नसंल त्यानं माझ्या दारात येऊ नये." काका रडत जेवत होता आणि अण्णा त्याला वाढत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी परत हरिपाठ धरला. मला वाटतं त्यांचा विठ्ठल त्यांना त्या पंगतीतच भेटला.

माझ्याकडे वह्या नाहीत हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्या थेट घरी आल्या. हा माणूस फुकट पैसे घेणार नाही हे त्यांना लगेच कळलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मुख्याध्यापकांना सांगून हॉलमधल्या फाटक्या सतरंज्या आणि व्हॉलीबॉलचं जाळं दुरुस्तीला काढलं. अण्णा फरशीवर मांडी घालून बसलेत, मी सुताची टोकं धरलीत, अंगठा आणि बोटात दोन टोकं फिरवली की गाठ तयार, एवढी बारीक की सतरंजीत शोधून सापडायची नाही. त्या मजुरीतून माझी फी गेली आणि ताईची परीक्षेची फी पण. पोरीला कामाला लावा म्हणणारे नातेवाईक खूप होते, अण्णांनी कुणाचं ऐकलं नाही, ताई पुढे नर्स झाली.

अण्णा नंतर वागळे इस्टेटला वॉचमन झाले. गिरणी पण बंद पडली, संपात राहिलेला आणि कामावर गेलेला दोघंही सारखेच घरी बसले. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घराचे फॉर्म दोघा भावांनी आमच्याच घरी बसून भरले.

अण्णा आता नाहीत. बाई कार्यक्रमाला येणार असं कळलंय, म्हणून काका माझ्याबरोबर येतोय, त्याला त्यांना भेटायचंय.