जीपीओचा घुमट, कुर्ल्याचा दगड आणि चुन्याच्या दरजा

मुंबईचं जनरल पोस्ट ऑफिस नीट बघायचं असेल तर आधी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जा. इमारतीच्या पायथ्याशी उभं राहिलं की घुमट कठड्यामागे दडतो आणि समोर नुसती दगडी भिंत राहते. पलीकडे गेल्यावर मात्र सगळं एकदम समजतं. मधोमध घुमट, दोन्ही अंगांना पसरलेले कमानींचे मजले आणि कोपऱ्यांवरचे छोटे मनोरे. शेजारी सीएसएमटी असल्यामुळे या इमारतीकडे होणारं दुर्लक्ष मला फार खटकतं. स्टेशनावर जेवढं लिहिलं गेलं त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही जीपीओवर लिहिलेलं सापडत नाही.

मुंबईचं मुख्य टपाल कार्यालय आधी आजच्या हुतात्मा चौकाजवळ होतं. जेम्स ट्रबशॉ आणि डब्ल्यू. पॅरिस यांनी आखलेली ती इमारत १८७२च्या सुमाराची. पुढे तिथे तारघर आलं. शतक पालटेपर्यंत शहर वाढलं, टपाल त्याहून वाढलं आणि ती जागा अपुरी पडायला लागली. नव्या इमारतीसाठी बोरीबंदरच्या स्टेशनाला लागून जागा निवडली, आणि टपालाच्या दृष्टीने याहून सोयीची जागा मुंबईत नव्हती. एका बाजूला रेल्वे, थोड्या अंतरावर गोदी. आगगाडीने आलेली थैली आणि बोटीने आलेली थैली दोन्ही कमीत कमी फेऱ्यांत छाटणीच्या टेबलावर पोचणार.

बांधकाम १ सप्टेंबर १९०४ला सुरू झालं आणि ३१ मार्च १९१३ला संपलं. खर्च आला १८ लाख ९ हजार रुपये. आराखडा जॉन बेग यांचा. ते मूळचे स्कॉटलंडचे, १९०१पासून मुंबई सरकारचे सल्लागार आर्किटेक्ट. पुढे ते सगळ्या हिंदुस्थान सरकारचे सल्लागार झाले. त्यांच्या हाताखाली जॉर्ज विटेट होते, ज्यांनी नंतर गेटवे ऑफ इंडिया आणि आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आखलं. वस्तुसंग्रहालयाचा घुमट पाहिलात की जीपीओची आठवण येते ती उगाच नाही. दोन्हींचं माहेर एकच, विजापूर.

तेव्हाच्या मुंबईत सरकारी इमारत म्हणजे गॉथिक हे जवळजवळ ठरून गेलं होतं. टोकदार कमानी, उंच मनोरे, दगडात कोरलेले प्राणी. स्टीव्हन्स यांचं स्टेशन आणि महापालिकेची इमारत हे त्याचं टोक. बेग यांनी ती वाट सोडली आणि आदिलशाही विजापूरकडे पाहिलं. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, म्हणजे नमुना इलाख्याच्या आतलाच. माझ्या मते त्याहून पक्कं कारण दगडात आहे. गोल घुमट ज्या काळ्या बसाल्टाच्या जातीत उभा आहे तोच दख्खनचा दगड मुंबईच्या पायाखालीही आहे. बसाल्ट कडक असतो, त्यात बारीक नक्षी काढायची तर पाथरवटाची टाकी बोथट होते. विजापूरच्या कारागिरांनी म्हणून कोरीवकामापेक्षा आकारावर भर दिला: मोठी कमान, खोल सावली, वर गोलाई. या दगडाचा स्वभाव ओळखून घडलेली ती शैली आहे आणि मुंबईत ती उसनी वाटत नाही.

आता घुमटाचं गणित. चौकोनी खोलीवर गोल घुमट ठेवायचा तर चार कोपऱ्यांत काहीच आधार नसतो. विजापूरच्या गोल घुमटात (मुहम्मद आदिलशाहची कबर, त्याचा मृत्यू १६५६चा) आतलं दालन सुमारे १३५ फूट बाय १३५ फूट आहे आणि वरच्या घुमटाचा बाहेरचा व्यास १४४ फूट. तिथे दोन चौकोन एकमेकांवर ४५ अंशांनी फिरवलेत अशी कल्पना करा. आठ टोकांची चांदणी तयार होते. त्या रेषांवर ८ कमानी उभ्या केल्या, त्या एकमेकींना छेदत वर चढतात आणि आतल्या बाजूला झुकतात. वर पोचेपर्यंत चौकोनाचं वर्तुळ होतं. या आत झुकलेल्या बांधकामाचं वजन आतल्या अंगाला ओढतं, घुमटाचा जोर भिंतींना बाहेर ढकलतो, आणि दोन्ही एकमेकांना बऱ्याच अंशी सांभाळून घेतात. तरीही भिंती सुमारे १० फूट जाडीच्या ठेवाव्या लागल्या.

जीपीओचा घुमट याच्या तुलनेत कितीतरी लहान आहे आणि त्याच्याखाली कबर नाही, लोकांचं कामकाज आहे. विजापूरच्या दालनात उजेड मंद असलेला चालतो. इथे पत्त्यातली बारीक अक्षरं वाचायची, पैसे मोजायचे, शिक्का नेमका तिकिटावर उमटवायचा. आत गेलात की आधी खिडक्यांवर न थांबता थेट मध्यभागी जा आणि मान वर करा. चौकोन कुठे संपतो आणि गोलाई कुठे सुरू होते ती रेघ शोधा. ती सापडली की इमारत कळली. बाजूंच्या मजल्यांवरच्या गॅलऱ्या या मधल्या दालनाकडेच तोंड करून आहेत. मुंबईत घुमटाखालची जागा एवढी सहज कुणालाही मोकळी आहे अशा इमारती फार थोड्या. दहा रुपयांचं तिकीट घ्यायला आलेला माणूसही त्याच छताखाली उभा राहतो, ही गोष्ट मला बेग यांच्या सगळ्या कमानींपेक्षा मोलाची वाटते.

भिंतीकडे जवळून पाहिलं तर ३ रंग दिसतात. मुख्य अंग काळ्या बसाल्टाचं. कमानींच्या कडा, पट्टे आणि चौकटी कुर्ल्याच्या पिवळसर दगडाच्या. उजळ काम गुजरातेतल्या ध्रांगध्र्याहून आलेल्या पांढऱ्या दगडाचं. हा नुसता रंगाचा खेळ नाही. जिथे धार हवी, गोलाई हवी, नक्षी हवी तिथे मऊ दगड वापरला, आणि जिथे वजन पेलायचं तिथे बसाल्ट. आणि नेमकं यामुळेच तिन्ही दगड वेगवेगळ्या वेगाने म्हातारे होतात. बसाल्ट शंभर वर्षांनीही टाकीचे घाव दाखवतो, शेजारच्या मऊ दगडाची मात्र पापुद्र्यांसारखी साल निघायला लागते. मऊ दगड खाणीत ज्या थरात आडवा होता तसाच भिंतीत आडवा बसवावा लागतो. उभा बसवला तर थरांत पाणी शिरतं आणि दर्शनी बाजू सोलून येते. जुन्या भिंतीत एखादाच दगड शेजाऱ्यांपेक्षा जास्त झिजलेला दिसला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

अशा इमारतींचं सगळ्यात मोठं नुकसान करते ती सिमेंटने केलेली डागडुजी, पावसाचा नंबर त्यानंतरचा. मूळ दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि तो श्वास घेतो, म्हणजे भिंतीत शिरलेलं पाणी दरजेतून वाफ होऊन निघून जातं. दरज खराब झाली तर ती उकरून नवी भरायची, दगडाला धक्का नाही. सिमेंट भरलं की ही वाट बंद. पाणी मग दगडातून बाहेर पडतं, येताना क्षार आणतं, ते पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाची कडा फोडतात. बाहेरून दरज टकटकीत आणि दोन्हीकडचे दगड मात्र झडलेले, हे चित्र दक्षिण मुंबईत कुठेही दिसेल.

दरज भरायची रीत सोपी आहे, घाई मात्र चालत नाही. जुना माल छिन्नी-हातोडीने हाताने काढायचा, ग्राइंडर लावायचा नाही, कारण पातं दगडाच्या कडा खातं. खोली २० ते २५ मिलिमीटर, किंवा दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, जे जास्त असेल ते. धूळ ब्रशने काढून दरज पाण्याने भिजवायची, पण पाणी साचलेलं नको. माल म्हणून १ भाग भिजवून मुरवलेला चुना, १ भाग सुरखी (विटांची पूड), २ भाग चाळलेली वाळू हे नेहमीचं प्रमाण. एका वेळी १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड थर द्यायचा नाही, नाहीतर तो आक्रसून तडकतो. माल दगडाच्या तोंडापासून किंचित आत ठेवायचा, दगडावर पसरवायचा नाही. मग ओलं गोणपाट लावून निदान आठवडाभर ओलावा टिकवायचा. हे काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरनंतर सुरू करावं. मार्च-एप्रिलच्या उन्हात चुना पकडण्याआधीच वाळतो आणि बोटाने भुगा होतो.

दुसरा शत्रू पिंपळ. पक्ष्याच्या विष्ठेतून बी येतं, कठड्याच्या फटीत रुजतं आणि दोन पावसाळ्यांत मुळं दगड उचलायला लागतात. दिसला की हाताने उपटायचा मोह होतो, पण उपटल्याने वरचं रोप निघतं आणि मूळ आत राहून दुप्पट जोराने फुटतं. शिवाय सोबत दरजही निखळते. खोड बुंध्याशी कापायचं आणि ताज्या कापावर लगेच तणनाशक लावायचं, तास-दोन तासांनी नव्हे, कारण कापाचं तोंड बंद होतं. मूळ पूर्ण मेल्यावरच भोवतीचा दगड मोकळा करायचा, मूळ काढायचं आणि पोकळीत पातळ चुना ओतायचा. तेवढ्यावर न थांबता पुढचे दोन पावसाळे त्या जागेवर नजर ठेवायची. जीपीओजवळ कबुतरखाना आहे, त्यामुळे इथे विष्ठेचा प्रश्नही मोठा. तिच्यातलं आम्ल मऊ पांढऱ्या दगडाला खातं. ती ओली करून लाकडी पट्टीने काढायची, कोरडी खरवडायची नाही, कारण धूळ फुफ्फुसात जाते. ॲसिडने धुणं किंवा वाळूचा मारा करणं तर मुळीच नको.

वारसा यादीत असणं म्हणजे इमारत जपली गेली असं नव्हे. बृहन्मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली आली, इमारतींना श्रेणी मिळाल्या आणि बदलांना परवानगी लागू लागली. ही मोठी गोष्ट आहे. पण कागदावरची श्रेणी गच्चीवरची पन्हळ साफ करत नाही. मे महिन्याच्या शेवटी घुमटाच्या पायथ्याची आणि गच्चीची प्रत्येक पन्हळ मोकळी केली तर निम्मी गळती होतच नाही. तुंबलेल्या पन्हळीतलं पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरतं आणि डाग दिसतो दोन मजले खाली. म्हणून डाग तिथे गिलावा करून दुरुस्ती झाली असं समजायचं नाही. आधी वर जाऊन पाण्याची वाट शोधायची.

या इमारतीचा पत्ता संपतो ४००००१ या आकड्याने. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते, केंद्रातल्या दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं, एकसारखी आडनावं, वेगवेगळ्या लिपींतले पत्ते यांतून वाट काढायला ६ आकडे पुरेसे ठरले. पहिला आकडा विभागाचा, ४ म्हणजे पश्चिमेकडचा. दुसरा उपविभागाचा, तिसरा छाटणीच्या जिल्ह्याचा. पुणे ४११, नागपूर ४४०, गोवा ४०३. शेवटचे ३ आकडे बटवडा करणाऱ्या पोस्टाचे. मुंबईत त्यांची मोजणी या घुमटापासून सुरू होते: गिरगाव ००४, दादर ०१४, बोरिवली ०९२.