खाटा रिकाम्या, मग बिल एवढं कसं?

“वहिनी, निम्म्या खाटा रिकाम्या दिसतात, मग बिल एवढं कसं?” आमच्या हॉस्पिटलात डॉक्टरांना, म्हणजे ह्यांना, हे कोणी विचारत नाही. त्यांना नमस्कार करतात आणि काउंटरवर माझ्याकडे येतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगते.

खाटा रिकाम्या आहेत म्हणूनच. कचऱ्याच्या गाडीचे पैसे खाटा मोजून लागतात, खाटेवरची माणसं मोजून नाही. पिवळ्या पिशवीतला, रक्तानं माखलेला कचरा ४८ तासांवर ठेवता येत नाही, पिशवीत दोन बोळे असले तरी. पेशंट नाही म्हणून रात्रपाळीची सिस्टर अर्ध्या पगारात येत नाही. खाऱ्या वाऱ्यानं जनरेटरचा पत्रा खाल्लाय, पण २०२१च्या तौक्ते वादळानंतर तो काढा म्हणायची माझी हिंमत नाही.

आणि सापाचं औषध. एका बागायतदारांच्या गड्याला पाचोळा लोटताना फुरसं चावलं. ह्यांनी काचेच्या नळीत त्याचं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे विषानं ते गोठलंच नव्हतं. औषध पावडरीचं असतं. पाणी घालून जोरात हलवलं तर फेस येतो, म्हणून बाटल्या तळहातांत घोळवायच्या. सिस्टर, वॉर्डबॉय आणि मी घोळवत बसलो. दहा बाटल्या गेल्या. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा पाणी. आणखी पाच. उजाडल्यावर कुठे रक्त गोठलं.

बिल बघून बागायतदार म्हणाले, “पंधरा?” मी रिकाम्या बाटल्यांचा ट्रे पुढे ठेवला. “रिकाम्या बाटल्या काय, कुठल्याही दाखवता येतात.” बाकावर चार माणसं बसलेली. बागायतदारांची दोन्ही मुलं आमच्याकडे जन्मलेली. मी एक रुपया कमी केला नाही. आरोग्य केंद्रात हे औषध फुकट मिळतं, हे मलाही माहीत आहे. तिकडे न्यायचं होतं.

हे लिहितानाही रागच येतोय. पण आई मुंबईत अ‍ॅडमिट होती तेव्हा मीही बिलाच्या एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत होते. तेही कोणाला तरी लागलं असेल.

लग्न होऊन आले तेव्हा मीच म्हणायचे, रोज लागतं तेवढंच ठेवा. मुदत संपलेल्या बाटल्या टाकताना जीव जळायचा, आजही जळतो. त्यांचे पैसे कोण भरतं? तुम्हीच. तापासाठी अ‍ॅडमिट झालेल्याच्या खाटेच्या भाड्यात ते असतात. हे बरोबर आहे का, मला ठरवता येत नाही. न ठेवता सरळ रत्नागिरीला पाठवावं, तर वाटेतले तास कोणाच्या हिशेबात धरायचे?

सापाच्या औषधाची यंदाची ऑर्डर अजून दिलेली नाही. हे वीस बाटल्या म्हणताहेत, मी दहा. परवा त्याच बागायतदारांचा फोन आला: “वहिनी, औषध आहे ना? बागेत माणसं लावतोय.” आहे म्हटलं. दर त्यांनी विचारला नाही, मीही सांगितला नाही.