आईसाठी दोन बटणं

आईकडच्या भजनी मंडळाच्या व्हिडिओंमधून नुसता आवाज काढायला एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमची एक ओळ पुरते. पण ती टाईप करायला दरवेळी मी लागायचो. आज पायथन भाषेच्या टीकेइंटरमध्ये (खिडक्या-बटणं बनवायचं साधन) दोन बटणं केली: ‘फाईल निवडा’ आणि ‘अभंग काढा’. आधी बटण दाबलं की खिडकी गोठायची, कारण पायथनमधून दुसरा प्रोग्रॅम चालवणाऱ्या सबप्रोसेसचं ‘रन’ हे फंक्शन काम संपेपर्यंत अडून बसतं. मग काम सुरू करून न थांबणारं ‘पोपेन’ घेतलं आणि दर २०० मिलिसेकंदांनी टीकेइंटरच्या ‘आफ्टर’ या टायमरने काम झालं का ते बघितलं. सुटलं!

टीकेइंटरच्या पोटात टीसीएल चालते, जॉन आउस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये बर्कलीत घडवलेली एक वेगळीच स्क्रिप्टिंग भाषा (छोटे प्रोग्रॅम झटपट लिहायची). ती आज आमच्या घरात उपयोगी पडली, फार बरं वाटलं. संध्याकाळी आईने मला हाक न मारता सात अभंग काढले. आता म्हणते, बटणावरची अक्षरं जरा मोठी कर.