७८५ पायऱ्या चढून कुंभीराच्या भेटीला

जपानमधील शिकोकू बेटावर, कागावा प्रांतातील कोतोहिरा गावात झोझु नावाचा डोंगर आहे. झोझु म्हणजे हत्तीचे मस्तक. या डोंगरावरील कोतोहिरा-गू या शिंतो (जपानच्या मूळ धर्माच्या) देवस्थानाला तिथले लोक ‘कोम्पिरा-सान’ म्हणतात, आपण खंडोबाला खंडेराव म्हणावे तितक्याच आपुलकीने. हा कोम्पिरा म्हणजे मुळात संस्कृतातला कुंभीर, गंगेतील मगर, हे वाचल्यापासून मला तिथे जायचेच होते.

मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या आहेत. खरे तर चढायच्या पायऱ्या ७८६; परंतु जपानीत सात-आठ-सहा हे आकडे जोडून ‘नायामु’, म्हणजे चिंतेने ग्रासणे, असे वाचता येते, म्हणून वाटेत मुद्दाम एक पायरी उतरती ठेवून हिशेब ७८५ वर आणला आहे, असे सांगतात. पायथ्याच्या दुकानांत बांबूची काठी उसनी मिळते. मी ती ऐटीत नाकारली आणि शंभराव्या पायरीच्या आतच पस्तावलो.

मोठ्या दरवाजाच्या आत पांढऱ्या छत्र्यांखाली मिठाई विकणारे बसतात. देवस्थानाच्या आवारात विक्रीचा हा मान परंपरेने पाचच घराण्यांना आहे. मी पंख्याच्या आकाराची पिवळसर साखरवडी घेतली. ती फोडायला सोबत बोटभर हातोडी मिळते. वाटेत एका कुत्र्याचा पुतळा लागतो. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, ज्यांना स्वतः येणे जमत नसे, ते आपल्या कुत्र्याच्या गळ्यात पैशांची थैली अडकवून त्याला यात्रेला धाडत आणि वाटेतले प्रवासी त्याला हातोहात पुढे पोहोचवत.

६२८ व्या पायरीवरच्या भव्य वास्तूपाशी, तिचे कोरीव लाकूडकाम पाहून, पोहोचलो एकदाचा, असे मला वाटले. ते मुख्य मंदिर नव्हेच. ही १८३७ साली पूर्ण झालेली इमारत पूर्वी बौद्ध उपासनेची होती. १८६८ साली मेइजी सम्राटाच्या नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध उपासना वेगळ्या करण्याचा हुकूम काढला, तेव्हा इथला बौद्ध वारसा बाजूला सारला गेला आणि ओमोनोनुशी हा शिंतो देव या स्थानाचा अधिकृत देव ठरला. बौद्ध परंपरेतून आलेला कुंभीर कागदोपत्री गेला. बोलण्यातून मात्र त्याला कोणी हलवू शकले नाही, याचा मला, कबूल करतो, थोडा आनंद झाला.

वर पोहोचल्यावर दोनदा वाकून, दोनदा टाळी वाजवून आणि पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला. हा देव खलाशांचा रक्षक, त्यामुळे शेजारच्या मंडपात जहाजांची चित्रे आणि छायाचित्रे दाटीवाटीने लावलेली आहेत, आणि त्यांच्यासोबत एकट्याने प्रशांत महासागर पार केलेली सौरऊर्जेवरची एक होडीही ठेवलेली आहे. आतल्या मंदिरासाठी आणखी ५८३ पायऱ्या होत्या. त्यांना खालूनच हात जोडले, कठड्यापाशी बसलो, आणि सानुकीच्या (कागावाचे जुने नाव) मैदानातून उठलेल्या शंकूसारख्या डोंगराकडे पाहत ती साखरवडी हातोडीने फोडली.