तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णा लढाईबद्दल काय सांगायचे?

माझे वडील १९७१ च्या युद्धात होते हे कळले की पुढचा प्रश्न हमखास येतो, की मग ते लढाईबद्दल काय सांगायचे? खरे उत्तर असे, की ते फार थोडे सांगायचे आणि जे सांगायचे ते ऐकणाऱ्याला लढाईचे वाटतच नसे.

अण्णा सैन्याच्या ईएमई दलात वाहन मेकॅनिक होते. तोफेपासून ट्रकपर्यंत सगळी यंत्रे चालती ठेवणारे हे दल १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना उभे राहिले आणि ‘कर्म ही धर्म’ हे त्याचे ब्रीद आहे. निफाड तालुक्यातील आमच्या विहिरीवरचे डिझेल इंजिन वयाच्या बाराव्या वर्षी खोलून पुन्हा जोडणाऱ्या मुलाला याहून योग्य जागा मिळाली नसती, असे मला मनापासून वाटते.

३ डिसेंबरला युद्धाला तोंड फुटले तेव्हा त्यांचे वर्कशॉप पश्चिम सीमेवरच्या शकरगड आघाडीच्या मागे होते. एका रात्री दारूगोळ्याने भरलेला एक शक्तिमान ट्रक वाटेत बंद पडला. जबलपूरला जर्मन परवान्याखाली बनणारी ही गाडी तशी दणकट, पण डिझेलच्या नळीत हवा शिरली की कोणतेही डिझेल इंजिन हतबल होते, कारण पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो आणि इंजेक्टरपर्यंत इंधन पोहोचत नाही. अशा वेळी फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करून, हातपंप मारत, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचे असते. दिवा लावायला सक्त मनाई होती, त्यामुळे बुडबुडे दिसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि बोटे थंडीने बधिर झालेली. अण्णांनी ती धार मनगटाच्या आतल्या बाजूवर घेतली. हवा असेपर्यंत ती तुटक तुटक लागते, हवा संपली की सलग वाहते. तशी ती वाहू लागताच त्यांनी स्क्रू आवळला, गाडी सुरू झाली आणि पुढे निघून गेली.

मग ते रात्रभर त्या एका इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून बसले. पहाटे ट्रक परत आला, ड्रायव्हरही सुखरूप होता, आणि गोष्ट इथेच संपायची. “मग पुढे?” असे आम्ही विचारले, तर ते म्हणत, “पुढे काय? परत आला ना तो!”

निवृत्तीनंतर आम्ही नाशिकला सिडकोत घर घेतले आणि ते सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर लागले. मी कॉलेजला लूनावरून जायचे. संध्याकाळी उशीर झाला तर आई दारात उभी राही. अण्णा मात्र आत पेपर वाचत बसलेले असत. त्यांना माझी लूना त्रिमूर्ती चौकाच्या वळणावर ओळखू येई. “आली, पान वाढ,” असे ते आईला म्हणत आणि मगच पेपरचे पुढचे पान उलटत. त्यांना माझी काळजी वाटत नाही, असा माझा कित्येक वर्षे समज होता. त्या ट्रकची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती, तरीही.

२ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला पूर आला, नदीकाठची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती बुडाली आणि भांडी बाजारात चिखल शिरला. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या लोकांनी बुडालेल्या स्कूटरी ढकलत आमच्या अंगणात आणल्या. अण्णा तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. “किक मारू नका कोणी!” हे त्यांचे पहिले वाक्य, कारण पाणी हवेसारखे दाबले जात नाही आणि सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांनी आधी प्लग काढून पाणी बाहेर काढले, मग दुधासारखे पांढरे झालेले ऑइल बदलले, कार्बोरेटर धुतला. निघालेला प्रत्येक भाग ते पेपरवर डावीकडून उजवीकडे, निघाला त्याच क्रमाने मांडत. पैसे त्यांनी कोणाकडूनही घेतले नाहीत, फक्त प्रत्येकाला बजावले, “घरी पोहोचलात की फोन करा.” आठ जणांचे फोन आले, नववा आला नाही, तेव्हा रात्री साडेनऊला त्यांनी स्वतः फोन लावला. तो गृहस्थ केव्हाच जेवून झोपला होता.

शेवटच्या आजारपणात त्यांचे बोलणे जवळजवळ थांबले होते. एका रात्री माझा मुलगा मोटारसायकल घेऊन उशिरा आला. मी पलंगाशी बसले होते. गाडी फाटकाशी थांबली तसे अण्णांनी डोळे न उघडता म्हटले, “आला. चेन ढिली झालीय त्याची.”

सकाळी मी त्यांच्याच पेटीतले पाने काढले, मागच्या चाकाचा नट सैल केला, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून चेन ताणली आणि नट आवळला. मग मुलाला कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून यायला सांगितले आणि खिडकी उघडी ठेवली.