या बाई कुठे बसतात?

रबाळे एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी एचआर बघायचे, तिथे कॅन्टीनच्या दाराशी एक फलक होता. वर किमान वेतनाचा तक्ता, खाली 'अंतर्गत समिती', म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती. अध्यक्ष म्हणून जिचं नाव होतं, ती बाई नोकरी सोडून दीड वर्ष झालं होतं. मला ते ठाऊक होतं. रोज त्या फलकासमोरूनच जेवायला जायचे.

डिसेंबरातल्या एका सोमवारी पॅकिंगची एक कंत्राटी बाई तिथे उभी होती. मला बघून म्हणाली, "मॅडम, या बाई कुठे बसतात?"

काय सांगणार? तिला केबिनमध्ये नेलं. "सुपरवायझर मस्करी करतो," एवढंच म्हणाली. मस्करी म्हणजे काय हे कळायला अर्धा तास गेला, चहाला साय धरली. मग म्हणाली, "लिहा. वजनकाट्याशी उभी असले की मागनं घासून जातो. जागा असली तरी."

तिला लिहिता येत नव्हतं. अशा वेळी समितीनं मदत करायची असते, पण समिती होती कुठे? मीच तिच्या शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. दुपारी खाली जाऊन वजनकाटा पाहिला. मागून भरलेली ट्रॉली आरामात जात होती.

प्लँट मॅनेजर म्हणाले, "ती आपल्या रोलवर नाही. कंत्राटदार बघून घेईल." म्हणजे उद्यापासून तिची रवानगी तुर्भ्याच्या साइटवर. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ सगळ्या येतात, हे त्यांना दाखवलं. "पण गणपतीतली गोष्ट आता कशाला उकरायची?" सुरुवात गणपतीतली होती, शेवटचा प्रसंग गेल्या गुरुवारचा. तक्रारीचे तीन महिने शेवटच्या प्रसंगापासून मोजतात.

शेठनी थेट विचारलं, "समिती नसली तर दंड किती?"

"पन्नास हजारांपर्यंत. पुन्हा सापडलो तर दुप्पट, लायसन्सही जाऊ शकतं."

"मग मागच्या वर्षीची तारीख टाकून बनव."

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. ऑर्डर टाइप करायला पाच मिनिटं. पण फलकावरचं जुनं नाव तिन्ही पाळ्यांनी वाचलेलं होतं. "शेठ, आजचीच टाकते," म्हटलं. ते काही बोलले नाहीत. सही केली.

अध्यक्ष वरच्या हुद्द्याची बाई लागते. आमच्याकडे तशा एकच, अकाउंट्सच्या मॅडम. "माझं नाव नको गं घालूस, त्याच्या बायकोला ओळखते मी." संध्याकाळी सातला कशाबशा हो म्हणाल्या. बाकीचे दोघे पटकन मिळाले.

बाहेरच्या सदस्य म्हणून ठाण्याच्या एका संस्थेतल्या ताई दुसऱ्या दिवशी आल्या. चहाला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "तो आज कुठल्या पाळीत आहे? आणि ती?"

दोघंही पहिल्या पाळीत. त्याच लाइनवर. इतक्या धावपळीत माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

दोघांना वेगळं ठेवा असा तिचा लेखी अर्ज घेतला, समितीनं शिफारस केली आणि त्याच दिवशी त्याला दुसऱ्या पाळीत स्टोअरला टाकलं. पुढच्या चौकशीबद्दल बोलायचं नाही, त्याच कायद्याचं गुप्ततेचं कलम १६ आहे. इथेही ओळख पटेल असे तपशील बदललेत.

फलकावर नवं नाव लावलं. खाली जागा उरली होती, तिथे मार्करनं लिहिलं: अकाउंट्स, पहिला मजला, जिन्याच्या उजवीकडे.