हान काळातली बरणी विकायला आली तेव्हा

न्यू जर्सीत एका छोट्या ऑक्शन हाऊसमध्ये मी कॅटलॉगिंग करते, म्हणजे लोक घरातली जुनी भांडीकुंडी घेऊन येतात आणि खरं काय खोटं काय, किती येतील ते मी बघते. गेल्या हिवाळ्यात एक चिनी आजोबा मुलीसोबत आले, कपड्यांच्या बास्केटमध्ये टॉवेलात गुंडाळलेली हिरवी बरणी, चीनच्या हान काळातली, म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वीची. आल्या आल्या खिशातून बातमीचा प्रिंटआउट काढला, 2005 ला लंडनमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात युआन काळातली (तेराव्या-चौदाव्या शतकातली) निळी-पांढरी बरणी दीड कोटी पौंडांच्या वर गेली ती, आणि म्हणाले माझी तर हिच्यापेक्षा हजारेक वर्षांनी जुनी आहे, आता तुम्हीच हिशोब करा. मनात म्हटलं, झालं कल्याण.

पण टॉवेल काढला आणि मी जरा सरसावून बसले. अर्ध्या अंगावर चंदेरी झाक होती. शिशाचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, जमिनीखालच्या ओलाव्यात शतकानुशतकं झिजत राहिलं की त्याचे पातळ पापुद्रे होतात, त्याची ती झाक. नकली मालावर नुसता रंग मारलेला असतो, अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला की बऱ्याचदा उतरतो. इथे कापूस पांढराच. त्याहून मला आवडला तो काठ, ग्लेझचे ओघळ बुडाकडे न जाता वर काठाकडे आलेले आणि तिथेच थेंब गोठलेले, कारण अशा बरण्या भट्टीत उपड्या ठेवून भाजायचे. अर्थात बनवणारे बिलंदर हेही जमवतात, म्हणून पक्कं हवं तर थर्मोल्युमिनेसन्स टेस्ट, बुडाला ड्रिल करून चिमूटभर भुकटी काढायची, ती तापवल्यावर किती उजेड देते त्यावरून शेवटची कधी भाजली ते कळतं. खर्च काही शे डॉलर.

खांद्यावर दोन राक्षसाची तोंडं, त्यात कड्या, सगळं मातीचंच, ब्राँझच्या भांड्याची नक्कल. मुलगी कौतुकाने कडीवरून बोट फिरवत होती. मी सांगितलं की हे मेलेल्या माणसासोबत पुरायला करायचे, तर हात झटकन मागे! "बाबा, ही आपल्या डायनिंग टेबलवर होती!" आजोबा म्हणाले, "रिकामीच होती ना."

कागदांची मला धास्ती होती, कारण टांग काळापर्यंतच्या (दहाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या) चिनी पुरातन वस्तू आणण्यावर अमेरिकेने जानेवारी 2009 पासून निर्बंध घातलेत, त्याआधी चीनबाहेर आल्याचा पुरावा नसेल तर आम्ही हातच लावत नाही. आजोबांकडे हाँगकाँगच्या हॉलिवूड रोडवरच्या दुकानाची 1993 ची पावती निघाली, फोटो चिकटवलेली. सुटले.

मग एस्टिमेट सांगितलं, 800 ते 1200 डॉलर. आजोबांना वाटलं मी एक-दोन शून्यं खाल्ली. कसं समजावणार, 1980-90 च्या दशकांत चीनमध्ये रस्ते-इमारतींसाठी खोदकामं झाली, थडगी उघडी पडली, लुटलीही गेली, आणि हान काळातल्या बरण्यांचा बाजारात सुकाळ झाला. उलट माणसांचे प्रसंग रंगवलेल्या त्या युआन बरण्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या. वय बघून भाव देत असते तर नदीतला गोटाही विकला असता!

"टेस्टचे पैसे वजा जाऊन?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. बरणी परत टॉवेलात.

काही दिवसांनी मुलीचा फोन, विकायचीय पण टेस्ट नको, बाबा म्हणतात भोक पाडू देणार नाही. मग एस्टिमेट 500 वर आलं आणि गेली 650 ला. घेणाऱ्याने मेलवर विचारलं, यात लोणचं घालता येईल का. शिशाचं ग्लेझ आहे हो, म्हटलं, चुकूनसुद्धा नको.